चढून तर जाल, पण उतराल कुठून? : वाचकांचे प्रश्न, डोंगरवाटेची उत्तरं

पाऊस सरला, सोयाबीन घरात आलं, कपाशीची वेचणी सुरू आहे आणि पहाटे गोधडी सोडवत नाही, म्हणजे आपल्याकडे डोंगर चढायचे दिवस आले. पत्रं आणि व्हॉट्सॲपवरचे मेसेज यावेळी भरपूर आलेत, सगळे छापता येत नाहीत, ज्यांचा विषय एकच होता त्यांना एकत्र उत्तर दिलं आहे. नावं कोणाचीच छापत नाही, तेव्हा बिनधास्त विचारत राहा.

प्रश्न : दादा नमस्कार, आमचं गाव पहाडाच्या अगदी पायथ्याशी आहे. गावामागं एक टोक आहे, वरती शेंदूर लावलेला देव आहे. अर्धा रस्ता ढोरवाट आहे, मंग खडा चढाव आणि शेवटी तीसेक फूट उभा दगड लागते, तिथं हातानं धरून धरून जावं लागते. दिवाळीत आम्ही पाचजण गेलो होतो तं तिथूनच वापस आलो, दोघं चढले असते पण बाकीच्यांचे पाय थरथरून राह्यले होते. आता शनिवार-रविवारी पुन्हा जाऊन राह्यलो. घरी विहिरीचा नायलॉनचा नाडा आहे, तो नेला तं चालते काय? आणि आमच्या गावचे गुराखी अनवाणी सरसर चढतात, मंग आम्हालेच काहून भेव लागते?
– बी.ए.चा विद्यार्थी, अचलपूर तालुका

उत्तर : भाऊ, पहिली गोष्ट, दिवाळीत तुम्ही पाचही जण वापस आले हे फार चांगलं केलं, दोघं वर आणि तिघं खाली असं झालं असतं तर वरच्या दोघांना उतरताना सांगायला खाली धड कोणी उरलं नसतं. पाय थरथरत होते म्हणजे शरीर खरं बोलत होतं, ते ऐकलं ना तुम्ही, बस.

आता नाड्याचं. नाडा घरीच राहू दे. मला माहीत आहे की दोर सोबत असला की धीर येतो, पण तोच धीर घात करतो. विहिरीचा नाडा वजन सावकाश ओढायला असतो, माणूस पडला की जो झटका बसतो तो झेलायला तो बनलेलाच नाही, त्यात उन्हात पडून पडून नायलॉन कमजोर होते, वरून चांगलं दिसलं तरी. गिर्यारोहणाचा दोर वेगळा येतो, तो झटका बसला की थोडा ताणतो, त्याच्यासोबत कमरेला-मांड्यांना हार्नेस लागते, वर अँकर, म्हणजे दोर अडकवायचा आधार, पक्का करता यावा लागते आणि खालून-वरून दोर कसा सांभाळायचा हे हातात बसलेलं लागते. हे काही नसताना नुसता कमरेला दोर बांधून मित्राच्या हातात टोक दिलं तर एक घसरला की दुसरा त्याच्यासोबत जातो. एकाच्या जागी दोन. म्हणून सांगतो, ज्या दगडावर तुम्हाला दोर लागेल असं वाटते त्या दगडावर शिकलेला माणूस सोबत असल्याशिवाय जायचंच नाही.

पण तीस फूट दगड म्हटलं की तो भिंतीसारखा सरळ आहे की पायऱ्या-पायऱ्यांचा, हे तू लिहिलं नाही. गुराखी अनवाणी चढतात म्हणजे पायऱ्यांचाच असावा. आपला हा गाविलगडचा डोंगर बहुतेक काळ्या बसाल्टचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर एकावर एक बसलेले. एक थर टणक, मग मधे एखादा तांबडा भुसभुशीत पट्टा, मग पुन्हा टणक. टणक थराचा कडा होतो आणि मऊ थराची पायरी होते, म्हणून लांबून पाहिलं की डोंगराला आडवे पट्टे दिसतात. चढताना हेच लक्षात ठेवायचं की काळ्या दगडावर भरवसा ठेवता येतो पण तो तांबडा पट्टा हातात येतो, तिथं ना हात टाकायचा ना पायावर पूर्ण वजन द्यायचं. बसाल्टमध्ये उभ्या भेगाही असतात, पावसाचं पाणी त्यात शिरून शिरून मोठमोठे चिरे मोकळे झालेले असतात, दिसायला पक्के आणि धरलं की हलतात. म्हणून प्रत्येक दगड धरायच्या आधी तळव्यानं ठोकून पाहा, भरीव आवाज आला तर ठीक, पोकळ ढप्प असा आला तर सोड. आणि धरलेला दगड आपल्याकडे ओढायचा नाही, खाली दाबायचा, ओढला की चिरा सुटून अंगावर येतो.

दोन हात, दोन पाय, यातले तीन नेहमी दगडावर टेकलेले पाहिजेत, हलवायचा तो फक्त चौथा. चढायचं काम पायांचं आहे, हात फक्त तोल धरायला. नवीन पोरं हातानं लटकून वर ओढत जातात आणि दहा-पंधरा फुटांत त्यांच्या हातातली ताकद संपते, मग पाय थरथरायला लागतात. पोट दगडाला चिकटवून चढू नको, थोडं दूर राहिलं की आपले पाय आपल्याला दिसतात. गवताचा झुबका, बारकं झुडूप, वाळलेलं मूळ हे आधार नाहीत, कितीही जवळ असले तरी. बॅगा खालीच ठेवा. एका वेळी एकच जण दगडावर, बाकीचे थेट खाली उभे नाही राहायचे, बाजूला सरकून. दगड सुटला की जो कोणी पाहील त्यानं "दगड" म्हणून जोरात ओरडायचं, आणि खालच्यानं वर पाहायचं नाही, दगडाला चिकटून डोक्यावर हात धरायचे. मोटरसायकलचं हेल्मेट घालून जायचं असं काहीजण म्हणतात पण त्यात बाजूचं दिसत नाही, ऐकू येत नाही आणि डोकं जड होते, चढाईचं हलकं हेल्मेट मिळालं तर घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. चढणं सोपं आणि उतरणं कठीण, हे सगळ्यांना माहीत असते पण चढताना कोणाच्या डोक्यात नसते. चढताना दगड डोळ्यासमोर असतो, उतरताना पायाखालचं काहीच दिसत नाही. म्हणून मी असं सांगतो की त्या दगडावर आपल्या उंचीएवढंच चढा, तिथून दगडाकडे तोंड करून उतरून पाहा. उतरता आलं? पुन्हा थोडं जास्त चढा, पुन्हा उतरा. ज्या पायरीवरून खाली येताना पाय शोधावा लागला, त्या पायरीच्या वर तुमचं काम नाही, निदान या खेपेला नाही. पाचातल्या एकालाही जमलं नाही तर पाचही जण खाली. देव काही पळून जात नाही.

गुराख्यांचं विचारलंस. तो माणूस लहानपणापासून त्या दगडावर रोज दोनदा जातो, कोणता चिरा हलतो, पावसानंतर कुठं शेवाळ धरते, हे त्याच्या पायाला माहीत आहे. त्याच्याकडे बॅग नाही, मोबाईल नाही, कोणाला फोटो दाखवायचा नाही. तुम्हाला भीती वाटते कारण तुम्हाला ते माहीत नाही, आणि हे अगदी बरोबर आहे. मग त्यालाच सोबत घ्या ना. त्याची दिवसभराची मजुरी पडते ती द्या, त्याची भाकर तुमच्यासोबत बांधा, आणि तो "आज नको" म्हणाला तर हुज्जत घालू नका.

आणि जायच्या आधी वनरक्षकाला विचारून घे की ते टोक कोणत्या हद्दीत येते. मेळघाट व्याघ्र प्रकल्प १९७३-७४ पासूनचा, देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक, आणि तुमच्या गावामागून त्याची हद्द सुरू होत असेल तर परवानगीशिवाय पाय टाकणं गुन्हा आहे, शिवाय अस्वलाची आणि बिबट्याची वाट आपण अडवायची नाही. झुंजूमुंजूला निघा, सकाळी अकरा वाजता जिथं असाल तिथून वळा, टोक दहा मिनिटांवर दिसत असलं तरी. हिवाळ्यात सहाच्या आत सूर्य मावळतो आणि डोंगराच्या सावलीत त्याच्याही आधी अंधार पडतो, ढोरवाटा अंधारात सापडत नाहीत.

प्रश्न : सर, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. नववीची ४० मुलं-मुली घेऊन आम्हाला नरनाळ्याला जायचं आहे, शनिवारी सकाळी जाऊन संध्याकाळी वापस. शिक्षक आम्ही तिघं. मुलांना पायी चढवावं की गाडीनं वरती न्यावं? काय काळजी घेऊ?
– एक शिक्षिका, अकोट तालुका

उत्तर : ताई, तुम्ही मुलांना घेऊन जाता आहात याचाच मला आनंद आहे. आपल्या भागातल्या मुलांना रायगड-सिंहगड पुस्तकातून तोंडपाठ असतात आणि नरनाळा घराच्या गच्चीवरून दिसत असूनही पाहिलेला नसतो. जाफराबाद, नरनाळा आणि तेलियागड असे तीन किल्ले एकाला एक लागून आहेत, महाकाली दरवाजावरचं कोरीव काम आणि अरबी लिपीतले लेख पंधराव्या शतकातले आहेत, ती नऊगजी तोफ आहे, तलाव आहेत. मुलांना घाईत पळवत नेऊ नका, महाकाली दरवाजापाशी अर्धा तास बसवा आणि त्यातल्या फुलांची चित्रं काढायला सांगा, ते कायम लक्षात राहते.

शहानूरच्या गेटवरून परवानगी आणि तिकीट घ्यावं लागते, तो भाग वाघाच्या जंगलाचा आहे, तेव्हा गेटची वेळ, सुट्टीचा वार, पायी जाऊ देतात की नाही आणि गाईड कोणता मिळेल हे आठ दिवस आधी तिथं जाऊन किंवा फोनवर विचारून घ्या. ते गाडीनंच जा म्हणाले तर गाडीनंच जा, वरती किल्ला एवढा पसरलेला आहे की चालायची हौस तिथंच फिटते.

तिघं शिक्षक ४० मुलांना कमी पडतात. दहा मुलांमागं एक मोठा माणूस तरी पाहिजे, पालकांपैकी दोघं-तिघं घ्या, त्यात दोन बायका असू द्या. सगळ्यात पुढं एक आणि सगळ्यात मागं एक, मागचा माणूस शेवटच्या मुलाच्याही मागंच राहील, काहीही झालं तरी. तटाच्या कडेला आणि तलावाच्या काठाला मुलं जाणार नाहीत हे निघण्याआधी बजावून सांगा आणि तिथं एक मोठा माणूस उभा ठेवा. सेल्फी तटावर नाही म्हणजे नाही. दरवाजापाशी, तलावापाशी, जेवणाआधी, गाडीत बसायच्या आधी, अशी मोजणी करत राहा.

आणि एक गोष्ट जी सहलीच्या परिपत्रकात क्वचितच असते. आपल्या विदर्भात सिकलसेलचे, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे, मुलं-मुली अनेक शाळांत आहेत. अंगातलं पाणी कमी झालं, जास्त दम लागला किंवा थंडी बाजली की त्यांना वेदनेचा झटका येऊ शकतो, हातपाय-कंबर असह्य दुखते. घरच्यांना आधी खाजगीत विचारून घ्या, वर्गात सगळ्यांसमोर नको. त्या मुलाला घरी ठेवू नका, डॉक्टरांना विचारा, त्याला गाडीनं वर न्या, पाणी सतत पाजा, स्वेटर असू द्या. तो "मॅडम, पाय दुखते" म्हणाला तर नाटक समजू नका, लगेच बसवा आणि दवाखान्याची तयारी ठेवा. दम्याचा पंप ज्याचा असेल त्याच्या खिशातच पाहिजे, तुमच्या पर्समध्ये नाही.

जेवायला भाकर, शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि दोन-दोन संत्री. हंगाम आहे, संत्र्यानं तहानही भागते. सालं मात्र परत आणायची, माकडांना खायला घालायचं नाही.

प्रश्न : आमच्या मुलांना सुट्टी मे महिन्यातच असते. तेव्हा चढाई केली तर चालेल का? पाणी भरपूर घेऊ.
– पालक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : नको. मे महिन्यात आपल्याकडे ४५ डिग्रीच्या वर पारा जातो, काळा दगड सकाळी नऊलाच तापतो, झरे आटलेले असतात आणि प्यायचं सगळं पाणी पाठीवर न्यावं लागते, त्यानं चढण अजून जड होते. तुम्ही कितीही पाणी घेतलं तरी अंग थंड व्हायला सावली लागते आणि पानगळीच्या जंगलात तेव्हा सावली नसते. मोहफुलं पडायला लागतात तेव्हापासून अस्वलंही झाडाखाली असतात. सुट्टीतच जायचं असेल तर चिखलदऱ्याला जा, ते अकराशे मीटरच्या वर आहे, तिथं सकाळ-संध्याकाळ मोकळ्या रस्त्यानं फिरा आणि दुपारी घरात बसा. कोणाला उन्हात चक्कर आली, तो असंबद्ध बोलायला लागला, अंग भाजल्यासारखं तापलं तर ताबडतोब सावलीत घेऊन कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका.

प्रश्न : साहेब, वय ५८, शेती करतो. महाशिवरात्रीला पचमढीजवळच्या चौरागडच्या महादेवाला जायचा नवस आहे, खांद्यावर त्रिशूळ न्यायचा आहे. चढायला काही वाटत नाही पण उतरताना उजवा गुडघा फार बोलतो. पोरगा म्हणते तू जाऊ नको. माझ्या वडिलांनी पण त्रिशूळ नेला होता. मग पुढच्या श्रावणात नागद्वारही करायचा विचार आहे. जमेल काय?
– एक शेतकरी, अंजनगाव सुर्जी तालुका

उत्तर : काका, पोराचंही चुकत नाही आणि तुमचंही. वऱ्हाडातून पिढ्यानपिढ्या लोक पचमढीला जातात, त्या वाटेवर पाऊल टाकलं की अंगात वेगळीच ताकद येते हे मी पाहिलं आहे. पण ती ताकद गुडघ्याला नसते. पायऱ्या उतरताना प्रत्येक पावलाला शरीराचं वजन कितीतरी पटीनं गुडघ्यावर येते, त्यात त्रिशूळाचं वजन. म्हणून माझं सांगणं असं की त्रिशूळ तुम्ही हलका करा, किंवा चढताना तुम्ही थोडा वेळ धरा आणि बाकी वेळ पोरगा धरेल, तो वरती वाहिला की उतरताना खांदा तसाही मोकळाच असतो. देवाला वजन कळते असं मला वाटत नाही, चालत आलेला माणूस कळतो.

आजपासून शिवरात्रीपर्यंत दिवस आहेत ना, रोज सकाळी शेतात चालता तेवढं पुरत नाही कारण शेत सपाट आहे. गावात पाण्याच्या टाकीचा किंवा मंदिराचा जिना असेल तिथं रोज थोडं चढा-उतरा, हळूहळू वाढवा. खुर्चीत बसून पाय सरळ करून दहा आकडे मोजेपर्यंत धरायचा, असं दोन्ही पायांनी, यानं मांडीचा स्नायू घट्ट होतो आणि गुडघ्याचा भार तो घेतो. गुडघा सुजत असेल, अडकत असेल किंवा रात्री ठणकत असेल तर मात्र हे करण्याआधी हाडाच्या डॉक्टरला दाखवा. उतरताना काठी पाहिजेच, काठी आधी खालच्या पायरीवर, मग दुखरा पाय, मग चांगला पाय. चढताना उलटं, चांगला पाय आधी. गुडघा वाकवून धप्पकन पाऊल टाकू नका, थोडं तिरपं होऊन उतरा. बीपी-शुगरच्या गोळ्या सोबत, आणि उपवास धरून चढू नका, शुगर असेल तर अजिबात नाही. दर्शन झाल्यावर फराळ करून अर्धा तास बसून मगच उतरा, बहुतेक लोक दर्शनाच्या आनंदात घाईनं उतरतात आणि तिथंच पाय मुरगळतो.

नागद्वारचं, म्हणजे पचमढीच्याच डोंगरातल्या यात्रेचं, वेगळं आहे. ते नागपंचमीच्या आधीचे थोडेच दिवस उघडते, ऐन पावसाळा, वाट ओली, दगडावर शेवाळ, काही ठिकाणी लोखंडी शिड्या आणि मागून गर्दीचा रेटा. तिथं थांबावं म्हटलं तरी मागचे थांबू देत नाहीत. शिवरात्रीला गुडघ्यानं कशी साथ दिली ते पाहा, उतरल्यावर दुसऱ्या दिवशी सूज आली तर येत्या श्रावणात नागद्वार नको. नाही आली तर पोराला घेऊन जा, गर्दीच्या दिवसाच्या आधी जा, शिडीवर दोन्ही हात मोकळे ठेवा आणि चपलेनं नाही, मागं पट्टा असलेल्या रबरी तळव्याच्या सँडल-बुटानं जा.

प्रश्न : आम्ही चार मैत्रिणी, सगळ्या तालुक्याच्या गावात नोकरीला. वीकेंडला गाविलगड आणि जमलं तर आजूबाजूचं एखादं टोक करायचं आहे. घरचे म्हणतात चार पोरी कशाला जंगलात. काय सांगू त्यांना?
– वरुड

उत्तर : त्यांना प्लॅन सांगा, पूर्ण. कुठून निघणार, कोणत्या गेटनं जाणार, किती वाजता खाली येणार, गाडीचा नंबर, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कोणाला फोन करायचा हे कागदावर लिहून घरी द्या. तिथं बऱ्याच जागी मोबाईलला रेंज नसते हे आधीच सांगा म्हणजे फोन लागला नाही की घरचे घाबरत नाहीत. माझ्या अनुभवानं घरच्यांची अर्धी काळजी या कागदानं जाते, बाकी अर्धी तुम्ही वेळेवर वापस आल्यावर जाते. ११२ हा नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये असू द्या.

गाविलगड चांगला निवडला. चिखलदऱ्यापासून जवळ आहे, वाट मळलेली आहे. हा किल्ला १५ डिसेंबर १८०३ ला इंग्रजांनी नागपूरकर भोसल्यांकडून घेतला, त्यांचा सेनापती आर्थर वेलस्ली स्वतः होता, आणि तो कसा घेतला हे तिथं उभं राहून समजून घ्या कारण डोंगर कसा वाचायचा याचा तो धडाच आहे. दक्षिणेकडून, म्हणजे आपल्या मैदानाकडून, डोंगर एवढा खडा आहे की तिकडून लावलेल्या तोफांचा काही फारसा उपयोग झाला नाही. म्हणून जड तोफा डोंगरातून फिरवून, माणसांनी ओढत ओढत, उत्तरेकडे नेल्या, त्यात पाच-सहा दिवस गेले. उत्तरेची तटबंदी पडली तरी आतला किल्ला उभाच होता, तेव्हा एक तुकडी घळीत उतरून समोरच्या कड्यावर चढली, शिड्या लावून भिंतीवरून आत गेली आणि दरवाजा उघडला. आत किल्लेदार बेनीसिंग आणि त्याची माणसं लढता लढता पडली, त्यांची आठवण तिथं गेल्यावर ठेवा. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला आणि भोसल्यांच्या हातून वऱ्हाड गेला. त्या घळीकडे वरूनच पाहा, उतरू नका, आजही ती तेवढीच खडी आहे.

आजूबाजूच्या टोकाचं म्हणाल तर वैराट उंच आहे, पण ते व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात, तिथं मनानं पायी जायचं नाही, वनविभाग सांगेल तसंच. सोबतीला स्थानिक गाईड घ्या, एखादी कोरकू किंवा गवळी समाजातली बाई येत असेल तर उत्तम, मजुरी पूर्ण द्या. कपडे पूर्ण बाह्यांचे, ओढणी दगडावर चढताना बॅगेत, केस बांधलेले, बांगड्या-अंगठ्या घरी. अंगठी दगडाच्या भेगेत अडकली तर बोट जाऊ शकते. पाळीचे दिवस असतील तर पॅड जास्तीचे आणि वापरलेले परत आणायला जाड पिशवी, त्यासाठी बेत रद्द करायची गरज नाही. पाणी प्रत्येकी तीन लिटर. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, असं एक बाटलीभर वेगळं करून ठेवा, चमचा चहाचा.

प्रश्न : कड्यावर आग्या मोहोळ असलं तर काय करायचं? आमच्याकडे यात्रेत एकदा उठलं होतं.
– मोर्शी तालुका

उत्तर : दिसलं की वाट बदला किंवा वापस या. ही मोठी माशी उंच कड्याला आणि मोठ्या झाडाला उघडं पोळं करते, पोळं काळं-तपकिरी पडद्यासारखं लटकलेलं दिसते आणि मधूनमधून त्यावरून लाट गेल्यासारखी चमक जाते. ती लाट दिसली म्हणजे माश्या सावध आहेत. जवळपास धूर नाही, अत्तर-डिओ नाही, मोठा आवाज नाही, दगड मारणं तर नाहीच. उदबत्ती आणि फटाके यात्रेत कड्याखाली लावतात ते बंद व्हायला पाहिजेत, यासाठी गावातल्या मंडळींनीच पुढं यावं, मोर्शीकडच्या सालबर्डीसारख्या गुहेच्या यात्रांना तर हे फार गरजेचं आहे.

उठलंच तर दगडावर चढत असाल तेव्हा पळू नका, पडून मराल, तोंड-मान दुपट्ट्यानं झाका आणि शक्य तेवढ्या लवकर उतरा. जमिनीवर असाल तर थांबू नका, सरळ पळत राहा, हात फिरवू नका, गाडीत किंवा घरात शिरून दार लावा. पाण्यात उडी मारली तर माश्या वर घोंगावत थांबतात, श्वास घ्यायला डोकं काढलं की पुन्हा येतात. नंतर काटे नखानं, कशानंही, लवकर काढा. खूप जागी चावल्या असतील, ओठ सुजले, श्वास लागला, उलटी झाली तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट दवाखाना.

साप चावला तर काय असंही तिघांनी विचारलं आहे, तर तो अवयव हलू द्यायचा नाही, लाकडाची पट्टी लावून स्थिर करायचा, दोरी आवळायची नाही, ब्लेड मारायचं नाही, तोंडानं ओढायचं नाही, माणसाला उचलून न्यायचं. मांत्रिकाकडे घालवलेला तास परत येत नाही. विषावरचं औषध सरकारी रुग्णालयात असते, तिकडेच निघायचं आणि वाटेतूनच १०८ ला सांगायचं.

प्रश्न : मी आणि मित्र ऑक्टोबरच्या सुरुवातीला एका टेकडीवर कमरेएवढ्या गवतातून गेलो होतो. दहा-बारा दिवसांनी मला ताप आला, मेडिकलमधून गोळ्या घेतल्या, उतरला, पुन्हा आला. डोकं फार दुखत होतं. मित्र म्हणते व्हायरल आहे, जाईल. आता बरा आहे, पण हा डोंगराचा ताप असते काय?
– काटोल तालुका

उत्तर : असू शकतो. पावसाळ्यानंतरच्या गवता-झुडपात बारीक किडे असतात, डोळ्याला दिसत नाहीत, त्यांच्या चाव्यातून स्क्रब टायफस होतो. २०१८ मध्ये पावसाळ्याच्या शेवटी नागपूर आणि आजूबाजूच्या भागात याची साथ आली होती, तेव्हापासून आपल्याकडच्या डॉक्टरांना तो चांगला माहीत झाला आहे. चाव्यानंतर साधारण दहा दिवसांनी ताप, डोकेदुखी, अंगदुखी, आणि काहीजणांच्या अंगावर सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली दिसते, ती बहुतेक काखेत, जांघेत किंवा कमरेच्या पट्ट्याखाली असते म्हणून लक्षात येत नाही. वेळेवर कळलं तर साध्या औषधानं बरा होतो, उशीर झाला तर फुप्फुस-किडनीवर जातो. तू आता बरा आहेस हे चांगलं, तरी एकदा डॉक्टरला दाखवून हे सगळं सांग, कोणत्या तारखेला गवतात होतास तेही. यापुढं अशा गवतात जाताना पँट मोज्यात खोचायची, गवतावर अंग टाकून झोपायचं नाही, घरी आल्याबरोबर साबणानं आंघोळ करायची आणि ते कपडे गरम पाण्यात धुवायचे. मित्रालाही विचार, त्याला ताप आला होता काय, आला असेल तर त्यालाही सोबत घेऊन जा.